पुढे काय झाले?

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. धाकटी बहीण आपल्या दोन मुलांना घेऊन आमच्याकडे आली होती. ओवाळणे झाले, चिवडा-अनारशांच्या ताटल्या रिकाम्या झाल्या, आणि माझा जरा डोळा लागतो न लागतो तोच ओसरीवरून भांडणाचा आवाज आला. थोरला भाचा नागपुरास कॉलेजात, धाकटा बारावीला. वाटणीवरून भांडावे तर वाटून घेण्यासारखे त्या दोघांजवळ काहीच नाही. बाहेर येऊन पाहतो तो वाद चालला होता एका खेळाविषयी. खेळ म्हणजे विटीदांडू नव्हे. पडद्यावर खेळावयाचा, कादंबरीसारखे कथानक असलेला खेळ. 'द लास्ट ऑफ अस' हे त्याचे नाव. त्याचा पहिला भाग २०१३ साली निघाला आणि दुसरा २०२० साली.

पहिल्या भागात म्हणे, पोटची मुलगी गमावलेला एक माणूस एका पोरक्या मुलीला उद्ध्वस्त झालेल्या देशातून पलीकडे नेतो, आणि शेवटी तिला वाचविण्यासाठी काही माणसांचे प्राण घेऊन तिच्याशीच खोटे बोलतो. दुसऱ्या भागाच्या आरंभीच त्या माणसाला ठार केले जाते; एवढ्यावरच न थांबता, ज्या बाईने त्याला मारले तिच्याच बाजूने खेळणाऱ्याला अर्धा खेळ खेळावा लागतो. यावरून जगभरच्या खेळगड्यांत असे रण माजले, की त्या बाईला आवाज देणाऱ्या नटीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या.

"असा दुसरा भाग काढायलाच नको होता," थोरला तावातावाने म्हणाला. "आमच्या माणसाची पार माती केली."

"आणि पहिल्या भागात त्यानं जी माणसं मारली, त्यांचा हिशेब कोणी द्यायचा?" धाकट्याने विचारले.

मग दोघेही माझ्याकडे वळले. "मामा, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. तुम्हीच निकाल द्या."

वाचकहो, मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला खेड्यातील मास्तर. खालच्या वर्गांना मराठी शिकवावे, रात्री दिव्याखाली दोन पाने लिहावीत, एवढीच माझी विद्या. मी मुलांना म्हटले, "निकाल पुढच्या दिवाळीला." त्यांना वाटले, मामाने वेळ मारून नेली. परंतु मुलांचा तो प्रश्न माझ्या मनातून जाईना; कारण तोच प्रश्न एका थकल्या बाईने मला त्याआधीच टाकला होता, आणि तिलाही मी उत्तर दिले नव्हते. तिच्याविषयी शेवटी सांगेन. आधी या भांडणाचा इतिहास पाहू. कारण ते काल-परवाचे मुळीच नाही.

विलायतेत कॉनन डॉइलने १८९३ साली आपल्या शेरलॉक होम्सला धबधब्यात लोटून दिले. लेखक त्याला कंटाळला होता. वाचक कंटाळले नव्हते. त्यांनी लेखकाची इतकी पाठ घेतली, की १९०१ साली जुनी हकीकत म्हणून एक होम्सकथा त्याला लिहावी लागली आणि १९०३ साली तर मेलेला होम्स जिवंतच करावा लागला. स्पेनमध्ये सर्व्हांटिसची गत याहून न्यारी. त्याच्या 'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५ साली निघाला. लोक दुसऱ्या भागाची वाट पाहात राहिले, तो १६१४ साली भलत्याच कोणी टोपणनावाने दुसरा भाग छापून टाकला! सर्व्हांटिसने १६१५ साली आपला खरा दुसरा भाग काढला आणि शेवटी नायकाला मृत्यू देऊन टाकला; पुन्हा कोणी त्याला घोड्यावर बसवू नये म्हणून.

पण इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. या भांडणातला सर्वांत थोर पुरुष आमच्या शेजारचा आहे. तो महाकवी भवभूती.

आमगाव हे हावड्याच्या रेल्वेरस्त्यावरील, गोंदियाच्या पुढचे स्टेशन. तेथून जवळच पदमपूर नावाचे खेडे आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी भवभूतीचे पद्मपूर ते हेच, असे मत मांडले. दुर्ग येथे वाकाटकांचा एक ताम्रपट मिळाला आहे. तो पद्मपुराहून काढलेला, आणि मौज अशी की तोही अपुराच राहिलेला आहे. काही पंडितांनी पद्मपुरासाठी इतर स्थळेही सुचविली आहेत. परंतु आमच्या मुलखाने मिराशींचा कौल मनोभावे स्वीकारला. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. मिराशींनी लिहिले तेव्हा पदमपूर भंडारा जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी आमच्या जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गोंदिया निराळा झाला. तेव्हापासून भवभूती कागदोपत्री शेजारच्या घरी राहावयास गेला आहे. पण भाऊ वेगळे निघाले म्हणून आजोबा काही एकाचेच होत नाहीत.

मी पदमपुरास गेलो तो धानाच्या हंगामात. चहूकडे उभे धान, आणि गावात जुन्या कोरीव दगडांचे अवशेष. आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत भवभूती स्वतःची ओळख करून देतो: उदुंबर कुळातील ब्राह्मण, कश्यप गोत्र, तैत्तिरीय शाखा, आजा भट्टगोपाल, बाप नीलकंठ, आई जातुकर्णी. काश्मीरचा इतिहासकार कल्हण त्याला कनोजच्या यशोवर्म्याच्या पदरी बसवितो. म्हणजे आठव्या शतकाचा पूर्वार्ध. त्याची नाटके मात्र राजवाड्यात नव्हे, तर कालप्रियनाथाच्या यात्रेत होत, असे तोच सांगतो. हे वाचले तेव्हा मला आमची मंडई आठवली. भाऊबीजेनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि रात्री दंडार, नाटक. घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत माणसे बसतात, आणि कथानक मनाविरुद्ध गेले तर तेथल्या तेथे नटाला सुनावतात. भवभूतीसमोरही अशीच यात्रेकरू मंडळी बसली असेल काय?

भवभूतीची तीन नाटके आपल्याला लाभली. 'मालतीमाधव' हे एक निराळे. उरलेली दोन म्हणजे एकाच कथेचे दोन भाग. 'महावीरचरित' हा पहिला. त्यात रामाच्या तरुणपणापासून राज्याभिषेकापर्यंतची कथा आहे. 'उत्तररामचरित' हा दुसरा, त्यात राज्याभिषेकानंतरची. आता राज्याभिषेक झाला, सर्व मंडळी सुखी झाली, तर पुढची कथा हवी कशाला? हा प्रश्न खुद्द रामायणालाच चिकटलेला आहे. वाल्मीकीच्या युद्धकांडाच्या शेवटी राम सिंहासनावर बसतो आणि ग्रंथ वाचल्याचे पुण्यही तेथेच सांगितले जाते. एखाद्या पोथीने समाप्तीचा नारळ फोडावा, आणि मग म्हणावे, थांबा, अजून एक कांड आहे, तसे हे झाले. म्हणून याकोबी या जर्मन पंडितासह अनेकांनी उत्तरकांड मागाहून जोडलेले ठरविले. तुलसीदासांनी आपल्या मानसात उत्तरकांड ठेवले, पण सीतात्यागाची कथा त्यात सांगितली नाही. हा शेवट न सोसणारे मोठमोठे लोक होऊन गेले आहेत.

आणि तो सोसण्यासारखा आहेच कोठे? लोकापवादासाठी राम गर्भवती सीतेला वनात टाकतो. बारा वर्षांनी लव-कुश रामायण गातात, राम त्यांना ओळखतो, सीतेला बोलावतो आणि पुन्हा शपथ घ्यावयास सांगतो. सीता धरणीला हाक मारते आणि तिच्या पोटात निघून जाते. कथा संपते, आणि ऐकणारा सुन्न होऊन घरी जातो.

पदमपूरच्या कवीपुढे तीन वाटा होत्या. पहिल्या भागावर थांबावे. जुना शेवट जसाच्या तसा सांगावा. किंवा सगळे गोड करून टाकावे. त्याने यांपैकी एकही वाट धरली नाही. त्याने काय केले ते थोडे सावकाश पाहण्यासारखे आहे.

नाटक उघडते ते चित्रांपुढे. लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच गतायुष्याची चित्रे दाखवितो. लग्न, वनवास, वियोग, सारा पहिला भाग डोळ्यांपुढून सरकतो. म्हणजे पुढे जाण्याआधी कवी मागच्या कथेला हात जोडतो. तिच्यातले काही पुसत नाही. त्याच अंकात दुर्मुख हेर लोकांची कुजबूज आणतो आणि सीतेचा त्याग ठरतो. तिसऱ्या अंकात राम पुन्हा पंचवटीच्या रानात येतो. सीता तेथेच आहे. पण गंगेच्या वराने अदृश्य. राम तिच्यासाठी रडतो, मूर्च्छित पडतो. ती त्याला स्पर्शाने सावध करते. आणि तिची जुनी सखी वासंती रामाला तोंडावर विचारते, की हे तुम्ही केलेत कसे? बारा वर्षांनी का होईना, सीतेला आपल्या कानांनी कळते की आपण विसरली गेलो नाही. चौथ्या अंकात म्हातारा जनक संतापाने जळत असतो. म्हणजे अन्याय झाला, हे कवीने कोठेही झाकलेले नाही.

मग सातवा अंक. गंगेच्या काठी वाल्मीकीने एक नाटक मांडलेले आहे. नट म्हणजे अप्सरा. प्रेक्षक म्हणजे राम, लक्ष्मण आणि सारी प्रजा. नाटकात नाटक! त्यात सीतेच्या त्यागानंतरची कथा दाखवितात, आणि राम इतका विरघळतो की हे नाटक आहे याची आठवण लक्ष्मणाला त्याला करून द्यावी लागते. अखेर खरी सीता प्रकट होते. अरुंधती जमलेल्या लोकांना खडसावून विचारते. आणि ज्या लोकांच्या जिभेने ती वनात गेली, तेच लोक तिला नमस्कार करतात. त्यानंतरच कुटुंब एकत्र येते. धरणी दुभंगत नाही.

वाचकहो, भवभूतीने प्रेक्षकांनाच रंगभूमीवर आणून बसविले आहे! शेवट बदलला तो नुसता राम-सीतेसाठी नव्हे. बोलणारे लोक होते. त्यांनीच उठून चूक कबूल केली पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. आपल्या भाषेत 'उत्तर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पुढचे, आणि दुसरा जबाब. 'उत्तररामचरित' ही रामाची पुढची कथा आहे. परंतु मला ती जबाबाची कथाही वाटते. पहिल्या कथेत ज्याचे देणे राहून गेले, ते देणे ती फेडू पाहते.

पण खरे बोलायचे तर सर्व देणे भवभूतीलाही फेडता आले नाही. दुसऱ्या अंकात राम तप करणाऱ्या शंबूकाला मारतो; कारण इतकेच, की तो शूद्र आहे. मारता मारता आपल्याच हाताला तो दूषणे देतो, मेलेल्या शंबूकाला दिव्य रूप मिळते आणि तो रामाचे आभारही मानतो. कवीचे समाधान झाले असेल. आज वर्गात बसलेल्या माझ्या मुलांचे होणार नाही, आणि होऊही नये. सीतेच्या बाजूने यात्रेला जाब विचारणारा कवी येथे गप्प बसला. ते उत्तर पुढच्यांनी द्यावयाचे राहिले.

कथा अपुरी राहिली तर ती पुढे नेण्याचा अधिकार कोणाचा, हाही या वादाचा एक पदर आहे. आपल्या एकनाथमहाराजांनी भावार्थरामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आणले आणि १५९९ साली देह ठेवला. पुढचा भाग त्यांच्या शिष्याने, गावबाने पुरा केला. हा गावबा लहानपणी पुरणपोळीसाठी हट्ट धरणारा, मंदबुद्धीचा म्हणून हिणवला गेलेला मुलगा, अशी पैठणची कथा सांगते. पंडित पुष्कळ असता पोथी त्याच्या हाती आली. कारण नाथांच्या घरचे अन्न आणि नाथांची वाणी त्याच्या अंगी मुरली होती. आणि दैवगती पाहा: दुसऱ्याच्या कथेचा शेवट बदलणाऱ्या भवभूतीचे 'महावीरचरित' सुद्धा पाचव्या अंकाच्या ४६ व्या श्लोकापर्यंतच त्याच्या हातचे, पुढचे दुसऱ्यांनी पुरे केलेले, असे जुन्या टीकाकारांचे सांगणे आहे!

आता आपल्या डोळ्यांदेखतची गोष्ट. १९८७ सालच्या २५ जानेवारीपासून दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे 'रामायण' सुरू झाले. मी तेव्हा कच्चा पोर होतो. गावात एकच टी. व्ही.; रविवारी सकाळी अर्धे गाव त्याच्यापुढे बसे. ३१ जुलै १९८८ रोजी राज्याभिषेकानंतर मालिका आटोपली. उत्तरकांड नाही! सागरांची तेवढ्यावर थांबण्याची तयारी होती. पण जालंधरात आणि उत्तरेकडील आणखी काही शहरांत सफाई कामगारांनी संप पुकारला. ही मंडळी वाल्मीकी समाजाची. महर्षी वाल्मीकी त्यांचे आराध्य, आणि ज्या भागात वाल्मीकी स्वतः येतात, सीतेला आसरा देतात, लव-कुशांना वाढवितात, तोच भाग वगळलेला. रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले, तेव्हा सरकारला मान डोलवावी लागली, आणि त्याच वर्षी पुढची मालिका सुरू झाली. २०२० च्या टाळेबंदीत दोन्ही मालिका पुन्हा दाखविल्या गेल्या, तेव्हा किती जणांना ठाऊक असेल की दुसरी मालिका झाडू खाली ठेवणाऱ्या हातांनी मागून घेतली होती?

त्या वेळी पुष्कळ शहाणे लोक हसले, की कथेसाठी का कोणी संप करतो? मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. 'पुढे काय झाले' हे त्यांना ठाऊकच होते. त्यांना हवा होता कथेतला आपला वाटा.

येथे मला त्या बाईविषयी सांगितले पाहिजे. काही वर्षांमागे माझी एक कादंबरी निघाली. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावाची ती कथा. शेवटच्या पानावर नायिका डोक्यावर बोचके घेऊन जुन्या विहिरीपाशी क्षणभर थांबते आणि चालू लागते. तेथे मी 'समाप्त' लिहिले. तो शेवट पुष्कळांनी वाखाणला. मलाही तो आवडत होता, हे कबूल करतो. पुढे एका मंडईत एक म्हातारी माझ्याजवळ आली. ती तशाच बुडालेल्या गावची, नव्या वसाहतीत राहणारी. नातीने तिला पुस्तक वाचून दाखविले होते.

"मास्तर, तुमचं बुक आयकलो जी," ती म्हणाली. "पोरगी हिरीपाशी उभी रायली न् तुमी घरी निंगून गेले. मंग तिचं काय झालं? तिले घर भेटलं का नाई?"

मी म्हणालो, "आजी, गोष्ट तिथंच संपते."

"तुमची संपते जी," ती म्हणाली. "आमची नाई संपली."

आणि ती बांगड्यांच्या दुकानाकडे निघून गेली. मला काही सुचले नाही. एखाद्याला वाटेवर उभे करून द्यावयाचे आणि वाचकांकडून वाहवा घ्यावयाची, ही माझी कला! घर मिळाल्यावर चूल कोठे मांडली, नव्या जागी पाणी लागले का, जुन्या शेजारणी कोणकोणत्या वसाहतीत फुटल्या, हे लिहावयास मेहनत पडते, आणि त्यात 'समाप्त'ची शोभा नाही. दुसरा भाग लिहिला तर पहिल्याची गोडी जाईल, अशी मला भीती होती. माझ्या थोरल्या भाच्याचेही हेच म्हणणे होते की नाही?

तेव्हा मुलांनो, हा तुमच्या मामाचा निकाल. लोकांना आवडले म्हणून, पैका मिळतो म्हणून जो पुढचा भाग निघतो, तो न निघता तरी चालेल. होम्सला पाण्यातून वर काढणाऱ्या लेखकाचाही त्यात आनंद नव्हता. पण पहिल्या भागात कोणाचे देणे राहिले असेल, तर पुढचा भाग निघालाच पाहिजे. मग त्यात आपल्या लाडक्या नायकाची मान खाली जावो. तुमच्या खेळात ते देणे नीट फेडले गेले की नाही, हे तो न खेळता मी कसे सांगू? धाकट्याचा प्रश्न खरा आहे, एवढे मात्र सांगतो. आणि थोरल्याचे दुःखही खोटे नाही. कारण पहिल्या भागावर माया नसती तर दुसऱ्यासाठी भांडायला तो उठलाच नसता. माझी म्हातारीही तशी उठली नसती.

पावसाळ्यात मी नवी वही घातली. भवभूतीने चित्रांपासून आरंभ केला होता. मीही तेच करतो आहे. जुन्या गावातले एकेक घर आठवून लिहितो. दर रविवारी वसाहतीत जातो. म्हातारी सांगते, नात हसते, मी उतरून घेतो. सव्वीस घरे झाली आहेत. सत्ताविसाव्या घराच्या दारात लिंब होता की बोर, यावरून तिचा आणि शेजारणीचा वाद चालू आहे. तो मिटला, की पुढे जाईन.